साडेपाचचे ताट

रविवार, ७ जुलै १९५७. मेडशी

आज सुनेला, ललिताला, वाशीमला नर्सांच्या शाळेत पोचवून आलो. परतताना मालेगावात मोटारीचा टायर फुटला, म्हणून उशीर झाला. तरी आजची नोंद आजच करतो. माणूस दुसऱ्या दिवशी लिहायला बसला की आपल्या सोयीचे लिहितो, असे माझे मत आहे.

अंगुरीबाई धर्मार्थ इस्पितळाची इमारत दगडी, दक्षिणेला तोंड. मागच्या अंगाला नर्सांची शाळा आणि मुलींची राहण्याची जागा. ललिताची खोली उत्तरेकडची, खाटा दोन. खिडकीची कडी ढिली होती, ती मी पेचकसाने बसवून दिली. खोलीतली दुसरी मुलगी पोहरादेवीकडच्या तांड्यावरची, कमलीबाई नावाची, दौलतसिंग नाईकाची नात. कडी बसवताना ती मला म्हणाली, "काकाजी, आमच्या तांड्यावर खिडकीच नाही, मंग कडी कायची." बडबडी आहे. अभ्यासात अडथळा करील असे वाटते.

माझा मुलगा गेला त्याला चार वर्षे झाली. ललिता तेव्हा सतराची. तिचे वडील इंझोरीहून न्यायला आले होते, मी पाठवले नाही. तिकडे जाऊन जन्मभर पापडच लाटले असते. म्हटले, हिला शिकवतो. पहिले वर्ष ती दाराआड बसायची आणि मी बाहेरून शिकवायचो, कारण आमच्यात सून सासऱ्यापुढे उघड्या तोंडाने बसत नाही. दुसऱ्या वर्षी भूमितीने तो पडदा काढला. त्रिकोण दाराआडून दाखवता येईना. मी स्वतः तिसरीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे सगळे माझे मीच केले. इंग्रजी शिकलो ते गॅसबत्त्यांच्या आणि शिवणयंत्रांच्या माहितीपत्रकांवरून. जी वस्तू उघडता येते ती शिकता येते, या एका सूत्रावर माझे दुरुस्तीचे दुकान आणि माझे ज्ञान उभे आहे. ललिता घरी बसून सातवी पास झाली. शिकवणारा कोण, हे तालुक्यात सर्वांना माहीत आहे.

विरोध पुष्कळ झाला. गेल्या अष्टमीला आमच्या जैन मंदिरात पंचांपैकी चंपालालजींनी चार लोकांत विचारले, "रतनलाल, सून दवाखान्यात धाडून राह्यले. तिथं रातची जेवनं, कांदा-लसूण, काय काय. तिचा धरम कोन सांभाळीन?"

मी म्हणालो, "मी."

तिथेच देवापुढे शब्द दिला, की दिवस मावळल्यावर सून अन्नाचा कण घेणार नाही. ललिता बायकांत बसली होती. मी बोललो ते तिने ऐकले.

शब्द देऊन मी स्वस्थ बसणारा नव्हे. शाळेच्या मुख्य नानीबाई, मोठ्या सिस्टर, यांना भेटून आज पक्की व्यवस्था केली. मुलींचे रात्रीचे जेवण आठला असते. ललिताचे ताट रोज साडेपाचला वेगळे वाढून, झाकून, भटारखान्याच्या फळीवर ठेवायचे. भाजी बिनकांद्याची. स्वयंपाकिणीकडून हे दोनदा वदवून घेतले. नानीबाई म्हणाल्या, "ताट ठेवतील, पण..." तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणे आले. व्यवस्था चोख झाली आहे.

रविवार, २१ जुलै

वाशीमला गेलो. मुलींना भेटायला दुपारची दोन ते चार वेळ असते. ललिता थोडी वाळली आहे. अभ्यासाने होते असे. विचारले, काही कमी-जास्त? म्हणाली, "काही नाही मामाजी, सगळं बरं हाय." हाडांची नावे इंग्रजीत पाठ करावी लागतात, ती डोक्यात राहत नाहीत म्हणाली. मी पद्धत सांगितली: आधी मोठी हाडे, मग लहान.

माझ्या बायकोने, हीराबाईने, गूळपापडी दिली होती. ललिताने डबा हातात घेतला आणि उभ्याउभ्याच अर्धा संपवला. बोलत होती, खात होती. उरलेला कमलीला न देता पदराखाली धरला. आपल्या हाताच्या चवीची कदर झाली हे हीराबाईला कळावे, म्हणून घरी आल्यावर हे सगळे तपशिलाने सांगितले. ती तोंड फिरवून चुलीपाशी गेली. कौतुक पचवायची तिला सवय नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

पहिल्या महिन्याच्या चाचणीचा निकाल कळला. शरीरशास्त्रात शंभरपैकी एकतीस. ललिता शेवटून दुसरी. शेवटची कमली.

आकडा आजच्या आज लिहिला.

कारणाचा विचार केला. बुद्धी आहे, ती मी जवळून पाहिली आहे. प्रकृती ठीक. जागा शांत. म्हणजे दोष एकाग्रतेचा. उपाय दोन. एक, पहाटे चारला उठून अभ्यास. दोन, दर आठवड्याला मी वीस प्रश्न काढून मोटारीवरच्या बाबूसिंगकडे द्यायचे. तो ड्रायव्हर रोज वाशीमला जातो, इस्पितळात टाकील.

हीराबाई भाकरी थापताथापता म्हणाली, "पयले पोरीले इचारा तं, जेवते का."

मी म्हणालो, "जेवणाची व्यवस्था मी जातीने केली आहे."

"ताटाची केली," ती म्हणाली. "पोरीची केली का?"

बायकांना वाक्य फिरवण्याची हौस असते.

तिसराही उपाय सुचला. बांबूच्या काड्या तासून माणसाच्या हाताच्या पंजाची सगळी हाडे बनवायची आणि बारीक तारेने जोडायची. बोटे वाकली पाहिजेत. आजच सुरुवात केली. मनगटाजवळचे छोटे खडे फार नाजूक आहेत.

रविवार, १८ ऑगस्ट

पंजा अप्रतिम झाला. नानीबाईंनीही हातात घेऊन पाहिला. त्यांच्या शाळेत खरा सांगाडा आहे, पण त्याची दोन बोटे गळालेली आहेत, हे माझ्या लक्षात आले आणि मी तसे सांगितले.

ललिताला समोर बसवून एकेक हाड विचारले. पहिली पाच-सहा सांगितली. मग अंगठ्याच्या मुळाशी अडकली. मी म्हणालो, आठव. तिने पंजाकडे पाहिले आणि तिचा स्वतःचा हात कापू लागला. मी पुन्हा म्हणालो, आठव. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. आवाज नाही, हुंदका नाही, नुसते पाणी.

कमली शेजारी कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "काकाजी, हात लय झकास केला. पन याले बांगड्या घालून पाठवला असता तं लग्न तरी लावलं असतं."

मी पंजाचा अंगठा पुन्हा वाकवून दाखवला.

मग ललिता हळू म्हणाली, "मामाजी, परवा एक बाई गेली. बाळंतपनात. तिले आंघोळ म्या घातली. आता डोळा लागत नाही. हाताचा वास जात नाही."

मी तिला कार्बोलिक साबण आणि वर लिंबाची फोड, असा क्रम सांगितला. झोपेसाठी पायाच्या तळव्यांना तेल. तिने मान हलवली. ललिताचा एक गुण आहे, ऐकून घेते.

निघताना तिने विचारले, "आत्याबाईनं काही देल्लं नाही का आज?" घाईत हीराबाईचा डबा घरीच राहिला होता. पंजाच्या पेटीमुळे हात मोकळा नव्हता.

रविवार, १ सप्टेंबर

आमचे दहा दिवसांचे दशलक्षण पर्व सुरू. चंपालालजी सुताच्या कामाने वाशीमला गेले होते. तिथल्या मंदिरात त्यांना कळले की ललिताने पर्वात उपास धरले आहेत. आज त्यांनी ते मेडशीच्या मंदिरात सर्वांना सांगितले. "रतनलालचा शब्द म्हंजे शब्द," असे म्हणाले. घरी येताना लांबच्या रस्त्याने, बाजारातून आलो.

मंगळवार, १० सप्टेंबर

सकाळी बाबूसिंगने दुकानाच्या पायरीशी मोटार उभी केली. कधी करत नाही. म्हणाला, "रतनलालजी, बसा. मोठ्या सिस्टरनं बलावलं. सून जित्ती हाय, भिऊ नका, पन बसा."

नानीबाईंनी बोलावून जे सांगितले ते असे. शनिवारी बाळंतिणींच्या वॉर्डात ललिता नवजात बाळ उचलून आईकडे देत होती. तिला भोवळ आली. बाळ हातातून सुटले ते कमलीने वरच्यावर झेलले. बाळाला काही झाले नाही. पण त्या दिवसापासून ललिता बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. "मी चुकली" एवढेच मध्ये म्हणते.

"रतनलालजी," त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षात असं अनेकींचं होतं. पहिला मृत्यू, परकं घर, इंग्रजी. काही सावरतात, काही जातात. ही पोर चांगली आहे, पण तिचं मन दमून गेलंय. घरी न्या. एकोणतीस तारखेला परत आली तर तिची जागा आहे. नाही आली तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

मी विचारले, एकाग्रतेसाठी काही औषध? त्या म्हणाल्या, सामान घेऊन या.

सामान आणायला खोलीकडे गेलो. कमली विहिरीवर पाणी ओढत होती. तिने पोहरा खाली ठेवला. आज तिच्या तोंडात थट्टा नव्हती.

"काकाजी, एक सांगू का? राग येईन."

"बोल."

"थे जेवतच नाही. साडेपाचले तुमचं ताट निंगते. आमी चारले वार्डात जातो, सुटतो साडेसातले. तवा अंधार झालेला असते. तुमच्या ताटातलं मी खातो, नाही तं मांजर. माही तब्येत पाहा, कशी हाय. तिची पाहा."

मी म्हणालो, "मग सांगितले का नाही?"

"कोनाले सांगीन? म्या लाख येळा म्हनलं, बाई, खाय, देव काय कंदील घेऊन पाहून राह्यला का. थे म्हने, मामाजीनं मंदिरात शब्द देल्ला. वरतून तुमचे वीस परश्न. पहाटंचं उठनं. झोपीत बी तेच इचारते, काकाजी. स्वतःच इचारते अन् स्वतःच म्हंते, चूक."

मी सामान उचलले. ट्रंकेचे कुलूप उलटे लागले होते, ते सरळ करून लावले.

बुधवार, ११ सप्टेंबर

साडेपाचची वेळ मी ठरवली. ताट कुठे ठेवायचे ते मी ठरवले. मुलगी त्या वेळी कुठे असेल, हे विचारले नाही. नानीबाई "पण" म्हणाल्या होत्या आणि मी ते वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. शिवणयंत्रात सगळे भाग उत्तम असून दोरा खाली पोचत नसेल, तर ते यंत्र मी गिऱ्हाइकाच्या हाती दिले नसते.

एवढेच.

रविवार, १५ सप्टेंबर

ललिता घरी आहे. झोपते, उठते, पुन्हा झोपते. हीराबाई तिला दिवसातून पाच वेळा थोडेथोडे खाऊ घालते. मुगाची खिचडी, ताक, कढी. मी खोलीत गेलो की ती पदर सावरून उठून बसते, जणू मी काही विचारणार आहे. म्हणून जात नाही.

आज दुपारी ओसरीवर एक शिवणयंत्र उघडून बसलो होतो. आत दोघी गहू निवडत होत्या. ललिता बोलत असल्याचे ऐकू आले. पाच दिवसांत पहिल्यांदा. मी हातातला शटल तसाच धरून ठेवला.

"तिनं माहा हात धरला होता, आत्याबाई. मले म्हने, जाऊ नको. म्या म्हनलं, गरम पानी घेऊन येतो, आत्ता येतो. आली तं थे गेली होती."

सुपात गहू फिरल्याचा आवाज आला.

"यायच्या येळले बी मले आत येऊ देल्लं नाही कोनी," ललिता म्हणाली. यायच्या म्हणजे माझ्या मुलाच्या.

"म्याच अडवलं तुले," हीराबाई म्हणाली. "मले वाटलं, लेकरू हाय, भिईन."

"भेवच वाटून राह्यला होता, आत्याबाई. बाहीर बसून."

मग दोघी रडल्या. मला उठून जाता येईना, कारण उठलो असतो तर पायरी वाजली असती. त्या यंत्राला मी तीन वेळा तेल दिले. गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडणार.

चार वर्षांत मी तिला भूमिती शिकवली, इंग्रजी शिकवले, हाडे शिकवली. माझ्या मुलाविषयी आम्ही एक वाक्य बोललो नाही. विषय निघाला नाही, असे मी आजवर समजत होतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दोन दिवस विचार केला आणि आज मंदिरात गेलो. पूजा आटोपल्यावर चंपालालजींसह सगळे बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की ललिताविषयी दिलेला शब्द मी परत घेतो.

चंपालालजी म्हणाले, "शब्द म्हंजे काय दुकानातला माल हाय, वापस घ्याले?"

"माल परत घेत नाही," मी म्हणालो. "पत्ता चुकला होता, तो दुरुस्त करतो. शब्द मी दिला, तर पाळायचाही मीच. सून वाशीमला परतली की तिचे पहिले वर्ष पुरे होईपर्यंत मी दिवसातून एकदाच जेवीन."

"अन् थे रातचं खाईन?"

"तिच्या हातात लोकांची लेकरे असतात, चंपालालजी. उपाशी हातातून लेकरू पडते. त्याचा दोष कोणत्या खात्यात जाईल, ते तुम्ही सांगा."

मागून कोणीतरी म्हणाले, "येवढं अंगाले लावून घ्यायची काय गरज." मी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतली म्हणूनच मी तिसरी शिकून इथवर आलो.

घरी येऊन ललिताला सांगितले, की तू आता मोकळी आहेस. मला वाटले होते ती पाया पडेल.

ती उठून उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण सरळ माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "मामाजी, नियम घेतला तवा मले कोनी इचारलं नाही. सोडला तवा बी नाही."

हीराबाई चुलीपाशी एकदम काहीतरी शोधू लागली.

मी म्हणालो, "बरे. मग तुझे म्हणणे काय?"

"वार्डात असली का आठले जेवीन. सुट्टी असली का दिवसाउजेडी. हे मंदिरात मीच सांगीन, बायकांत. तुमी नका सांगू. अन् परश्न नका धाडू."

"आणि एकोणतीसला?"

"जाऊन पाहीन."

"पाहीन नव्हे. जाईन म्हण."

हीराबाईने हातातली पळी जमिनीवर आपटली. मी दुकानात निघून गेलो.

रविवार, २९ सप्टेंबर

गेली. मंदिरात काल खरेच बोलली. मी नव्हतो, हीराबाईने सांगितले. चंपालालजींच्या घरच्यांनी विचारले, किळस नाही का वाटत गं? ललिता म्हणाली, "वाटते. मंग हात धुतो."

मोटार सुटायच्या आधी ललिता खिडकीशी बसली होती आणि मी खाली उभा होतो. बाबूसिंग म्हणाला, "रतनलालजी, काही सांगाचं असन तं सांगून घ्या, इंजन गरम होऊन राह्यलं." मला अंगठ्याच्या मुळाच्या हाडाचे नाव विचारायचे होते. ओठांपर्यंत आले होते. मी म्हणालो, "डबा गुडघ्यावर धर, तूप सांडेल."

मोटार वळणावर दिसेनाशी झाली. ती उतरली नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

एकभुक्त व्यवस्थित चालू आहे. दुपारी बाराला जेवतो, पुढे पाणी. शरीराला सवय लागते. मन निश्चयी असले की पोट ऐकते.

दिवाळीच्या बत्त्या दुरुस्तीला आल्या आहेत. यंदाची मेंटले, म्हणजे बत्तीतल्या जाळ्या, फार हलक्या प्रतीची. हात लावला की फाटतात. आज चार फाटली. कंपनीने माल बदललेला दिसतो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

ललिता दिवाळीला आली नाही, वॉर्डात होती. जेवणाविषयी विचारायचे नाही असे मी ठरवले आहे. बाबूसिंगने तिला फाटकाशी पाहिले. तो म्हणाला, "हसून राह्यली होती त्या तांड्यावरच्या पोरीसंग."

चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. जिन्यावरून उतरताना पायऱ्या हलतात. सुई ओवताना बोटात गेली. हीराबाई म्हणते अशक्तपणा आहे, दूध घ्या. अशक्तपणा हा आळशी माणसाचा शब्द आहे. वाशीमला गेलो की नवीन चष्मा करीन.

मंगळवार, १७ डिसेंबर

कालपासून तिची परीक्षा. मी एकही प्रश्न काढलेला नाही. म्हणजे कागदावर काढलेला नाही.

आज मंदिरात बसल्याबसल्या झोप लागली. चंपालालजींनी खांद्याला हात लावून उठवले. ते म्हणाले, "बास करा आता, कोनी काही म्हनत नाही." मी म्हणालो, मी कोणी काही म्हणावे म्हणून करत नाही. उठताना त्यांचा हात धरावा लागला. फरशी गुळगुळीत आहे.

रविवार, १२ जानेवारी १९५८. वाशीम

निकाल लागल्याचे बाबूसिंगकडून कळले. काय लागला ते त्याने विचारले नव्हते. बेजबाबदार. लगेच निघालो.

नानीबाईंनी सांगितले: ललिता पास. शरीरशास्त्रात सत्तावन्न. कमलीसुद्धा काठावर पास. दोघींना पुढच्या महिन्यात टोपी मिळेल. टोपी म्हणजे त्या आता खऱ्या विद्यार्थिनी, परीक्षेवर ठेवलेल्या नव्हेत.

सत्तावन्न. उरलेले त्रेचाळीस कुठे गेले, हे विचारायची फार इच्छा झाली. मी विचारले नाही. हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण दुसरे कोणी नोंदवणार नाही.

ललिता साडेसातपर्यंत वॉर्डात होती. नानीबाईंच्या परवानगीने मी भटारखान्यातल्या बाकावर बसून राहिलो. आठला मुली आल्या. ललिताने ताट घेतले आणि माझ्यासमोर बसली. भाकरी, पिठले. मला वाटले होते माझ्यापुढे ती संकोच करेल. तिने भाकरी मोडली आणि खाता खाता सांगू लागली, एका म्हातारीविषयी, जी औषध थुंकते आणि नर्सांना शिव्या देते. "अन् मले म्हंते, तुह्या सासऱ्याले सांग, सून लय चेंगट हाय." कमली हसली. बाकीच्या मुलीही. मलाही हसू आले.

आनंदाने असेल, उठताना मला भोवळ आली. बाकाचा काठ धरला.

ललिताने ताट बाजूला सारले. माझे मनगट धरले, मला पुन्हा बसवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. तिचा हात अजिबात कापत नव्हता. मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे दाबून पाहिली.

"मामाजी, दिवसाचं कितींदा जेवता?"

"एकदा. माझा नियम आहे. तुला माहीत आहे."

"मले नव्हतं माहीत."

खरेच, तिला कोणी सांगितले नव्हते. मंदिरात सांगितले होते. ती सोडून सगळ्यांना माहीत होते.

"हे माह्यासाठी?"

"माझ्या शब्दासाठी," मी म्हणालो.

कमली पाण्याचा गडू घेऊन आली होती. म्हणाली, "घ्या. आता तुमचं बी ताट मलेच खा लागते का?"

ललिताने तिला हाताने थांबवले. मला म्हणाली, "आजाऱ्याले नियमात सूट असते. तुमीच शिकवलं."

"आजारी कोण आहे?"

"तुमी."

"मी आजारी नाही. चष्म्याचा नंबर..."

"हे तुमी नाही ठरवत मामाजी. वार्डात बी कोनी स्वतः नाही ठरवत." तिचा आवाज चढलेला नव्हता. नानीबाई बोलतात तसा होता. "आता रात हाय, तुमी दूध बी घेनार नाही, मले माहीत हाय. जबरी करत नाही. पाहुण्यांच्या खोलीत झोपा. सकाळी सातले दिवस निंगालेला असते. इथं या. मी इथं उभी राहीन."

मी म्हणालो, सकाळची पहिली मोटार साडेसहाला असते.

"थे जाऊ द्या," ती म्हणाली, आणि आपले ताट पुढे ओढून उरलेली भाकरी खाऊ लागली.

सोमवार, १३ जानेवारी. वाशीम

सातला गेलो. फोडणीचे पोहे होते, माझे बिनकांद्याचे वेगळे. तिने आधीच सांगून ठेवले होते. ललिता समोर उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, रुग्णापुढे राहतात तशी.

म्हणाली, "सावकाश. घाई नाही."

मी खाल्ले. मग दुसऱ्यांदा मागून घेतले.